ब्रह्मकमळाला झाडावरचं घर हवं

कुंडी लावून तीन-चार वर्षं झाली, पानं हातभर लांब झाली, नवे धुमारे खिडकीच्या गजांवर चढले, तरी फूल काही आलं नाही. पावसाळा तोंडावर आला की ब्रह्मकमळ लावलेल्या घराघरांतून ही तक्रार ऐकू येते. दुसरी तक्रार याच्या बरोबर उलट असते: कळ्या भरपूर लागल्या, बोराएवढ्या झाल्या आणि एकेक करून गळून पडल्या. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. आपण हे झाड एक तर गुलाबासारखं वाढवतो, नाही तर वाळवंटातल्या निवडुंगासारखं. त्याची गरज या दोघांहून वेगळी आहे.

आपल्याकडे ब्रह्मकमळ म्हणून लावली जाणारी ही वनस्पती म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटालम. ती निवडुंगाच्याच कुळातली, पण मूळची दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास या भागांतल्या दमट जंगलांची. तिथे ती उंच झाडांच्या बेचक्यांत वाढते. वर्षानुवर्षं तिथे पालापाचोळा साठतो, कुजतो; त्यात ती मुळं रोवते आणि फांद्या खाली सोडते. ज्या झाडावर राहते त्याचा रस ती शोषत नाही, म्हणजे ती बांडगूळ नव्हे. आपल्या सह्याद्रीत आंब्या-जांभळाच्या खोडांवर आमरी राहते, तसंच तिचं राहणं. पाऊस धो धो पडला तरी बेचक्यातलं पाणी घटकाभरात निथळून जातं. हवा सतत खेळती असते. ऊन वरच्या पानांतून गाळून येतं. अन्न मिळतं ते कुजलेल्या पानांचं, थोडं थोडं, पण नेमाने. एवढं ध्यानात ठेवलं की कुंडी, माती, पाणी, खत या सगळ्याचे निर्णय आपोआप सुटत जातात.

रोप विकत घ्यायचं असेल तर ओळख पक्की करून घ्या, कारण ब्रह्मकमळ या नावाखाली बरंच काही खपतं. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर फुलणारं, केदारनाथ-बद्रीनाथला वाहिलं जाणारं आणि उत्तराखंडचं राज्यपुष्प असलेलं ब्रह्मकमळ ही अगदी निराळी वनस्पती आहे; ती सूर्यफुलाच्या कुळातली. पुण्या-मुंबईच्या हवेत ती जगणार नाही, त्यामुळे ‘हिमालयातलं अस्सल रोप’ म्हणून कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका. तीन धारांची, जाड, काटेरी खोडं दिसली तर ते ड्रॅगन फ्रूट. त्याचंही फूल पांढरं, मोठं आणि रात्रीच उमलणारं असतं. सांगली-सोलापूरकडे ज्याच्या बागा उभ्या राहिल्या आहेत तेच हे. नात्याने जवळचं, पण आपल्याला हवं ते नव्हे. चपटी पानं आणि भर दिवसा उमलणारी लाल-गुलाबी फुलं देणारे संकरही मिळतात. आपलं ब्रह्मकमळ ओळखायचं ते पातळ, चपट्या, नागमोडी कडांच्या आणि बिनकाट्याच्या पानांवरून. मुळाशी मात्र काही लांब, गोल, काठीसारख्या फांद्या असतात आणि त्यांच्यावरच पुढे चपटी पानं येतात.

ज्याला आपण पान म्हणतो, ते खरं तर चपटं झालेलं खोड असतं. त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर खाचा दिसतात. प्रत्येक खाचेत एक डोळा असतो, उसाच्या पेराला असतो तसा. त्या डोळ्यातून नवं पान तरी फुटतं किंवा कळी तरी येते. सगळी मेहनत त्या डोळ्यातून कळी यावी म्हणून करायची आहे. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: ज्या डोळ्यातून एकदा फूल येऊन गेलं, त्यातून पुन्हा फूल येत नाही, त्याच पानावरच्या दुसऱ्या डोळ्यांतून येतं. म्हणून जुनी, जरा खरबरीत झालेली, कुठे डाग पडलेली पानं दिसायला बरी नाहीत म्हणून छाटून टाकू नका. बहुतेक फुलं त्याच परिपक्व पानांवर येणार असतात. कित्येक घरांत दर दिवाळीला झाड ‘नीटनेटकं’ केलं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात फूल का आलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

रोपवाटिकेत जाण्याआधी ओळखीपाळखीत विचारा. एक पान मिळालं तरी पुरे, आणि ज्याच्या झाडाला दरवर्षी फुलं येतात त्याच्याकडचं पान मिळालं तर त्याहून चांगलं. निवडताना कोवळं, पोपटी, लवलवतं पान घेऊ नका. गडद हिरवं, हाताला भक्कम लागणारं, निदान एक वर्ष जुनं पान हवं. वीतभर तुकडा धारदार, स्वच्छ सुरीने कापा. कापल्यावर तो लगेच मातीत खोचायचा मोह होतो, तो टाळा. सावलीत, हवेशीर जागी पाच-सहा दिवस नुसता ठेवून द्या. कापलेली बाजू सुकून तिच्यावर पापुद्रा धरतो आणि मगच ती सडण्यापासून वाचते. पानाची खालची बाजू कोणती, यावर पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे उलटं लावलं जाणार नाही. मग दोन इंच खोल लावा, आधाराला काडी बांधा आणि पहिले काही दिवस माती जेमतेम ओलसर ठेवा. तीन ते पाच आठवड्यांत मुळं धरतात. पान हलकेच ओढून पाहिल्यावर ते धरून राहिलं की समजावं. या कामाला फेब्रुवारी-मार्च उत्तम. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरातही जमतं. ऐन जुलैत लावलेली पानं मात्र ओलीमुळे बरीच कुजतात. फुलासाठी साधारण दोन ते तीन वर्षं थांबावं लागतं, आणि तेवढ्या काळात झाडाची जागा वारंवार बदलू नये.

आता कुंडी. मोठं झाड म्हणून मोठी कुंडी, हा हिशेब इथे चालत नाही. बेचक्यातल्या मूठभर कुजक्या पाल्यावर वाढणाऱ्या या झाडाची मुळं लहान आणि वरवरची असतात. कुंडी मोठी असली तर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहते आणि आंबते. लहान रोपाला सहा इंचांची, वाढलेल्या झाडाला आठ ते दहा इंचांची कुंडी पुरे. मुळांनी कुंडी भरली की झाड फुलण्याकडे वळतं, हा अनेक बागकाम करणाऱ्यांचा अनुभव आहे. मातीची कुंडी सगळ्यांत चांगली, कारण तिच्या अंगातून ओल निघून जाते. प्लास्टिकची असेल तर तळाला आणि कडेलाही जादा भोकं पाडून घ्या. झाड वर पसरलं की कुंडी कलंडते, म्हणून तळात विटेचे मोठे तुकडे घाला. त्यांच्या वजनाने ती स्थिर राहते.

कुंडी कशाने भरायची, यावर मी सगळ्यांत जास्त भर देईन, कारण निम्मी झाडं इथेच अडतात. नुसती लाल माती किंवा काळी माती अजिबात नको. काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तडकते. या झाडाला दोन्ही सोसत नाही. दोन भाग नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे, एक भाग साधी बागेची माती, एक भाग नीट कुजलेलं पानांचं खत किंवा गांडूळखत आणि एक भाग विटांचा भुगा किंवा लाकडी कोळशाचे तुकडे, असं मिश्रण करा. सोडणाचे तुकडे आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा आणि तपकिरी झालेलं पाणी रोज बदला, म्हणजे त्यांतला क्षार निघून जातो. कोकणात सोडण अंगणातच पडलेलं असतं. देशावर नारळ विकणाऱ्याकडे सहज मिळतं. ते न मिळालं तर कोकोपीट चालेल, पण नुसतं कोकोपीट पावसाळ्यात चिखलासारखं बसतं, म्हणून त्यात कोळसा आणि विटा जास्त घाला. मिश्रण बरोबर झालं की नाही, हे ओळखायला एक तांब्याभर पाणी ओता. अर्ध्या मिनिटात ते तळातून वाहू लागलं पाहिजे. दोन-तीन वर्षांनी सोडण कुजून बारीक होतं. तेव्हा कुंडी पुन्हा भरा, पण कळ्या असताना कधीही नाही.

जागा निवडताना पूर्वेची गॅलरी मिळाली तर दुसरीकडे पाहूच नका. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन आणि मग दिवसभर उजेड, हे या झाडाचं आवडतं मान आहे. उत्तरेच्या गॅलरीत उजेड कमी पडतो. मग पानं निमुळती, पेन्सिलीसारखी बारीक होऊन लांबत जातात. झाड उजेड शोधत असतं आणि फुलायला त्याच्याकडे ताकद उरत नाही. पश्चिमेचं ऊन मात्र जाळतं. पानांवर आधी तांबूस झाक येते, मग पिवळे-पांढुरके चट्टे पडतात आणि ते पुढे वाळून जातात. नागपूर, अकोला, परभणीकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हिरव्या शेडनेटशिवाय हे झाड टिकवणं कठीण. पन्नास टक्के सावलीची जाळी लावा आणि दुपारी भिंतीच्या आडोशाला ठेवा. कोकणात आणि गोव्यात आंब्याखाली किंवा फणसाखाली टांगलेली कुंडी सुखात असते, कारण ते जवळजवळ तिचं मूळचं घरच. शहरी इमारतींमध्ये वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीतून गरम हवा येते, तिच्या झोतात ही कुंडी ठेवू नका.

पाण्याबद्दल एकच सवय लावून घ्या: बोटाचं एक पेर मातीत खुपसून पाहायचं. तेवढी माती कोरडी लागली तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यायचं, ओलसर लागली तर हात मागे घ्यायचा. उन्हाळ्यात हे दर दोन-तीन दिवसांनी येईल, थंडीत आठ-दहा दिवसांनी. कुंडीखाली बशी ठेवली असेल तर तिच्यात पाणी साचू देऊ नका. सुटीत गावाला जाताना शेजाऱ्यांना ‘रोज थोडं थोडं पाणी घाला’ असं सांगून जाऊ नका, कारण रोजच्या त्या थोड्याने मुळं सडतात. आठवड्यातून एकदा, पण भरपूर, असं सांगा. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर बाग असेल तर कुंडीच्या काठाला पांढरा क्षार धरतो. पहिल्या मोठ्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवली तर तो धुऊन निघतो आणि झाडाला तजेला येतो. पण सलग झडीत आठवडाभर भिजत ठेवणं वेगळं. मिश्रण मोकळं नसेल तर झाड वळचणीला घ्या. बुंधा मऊ पडून तपकिरी दिसू लागला तर वेळ दवडू नका. वरचा निरोगी भाग कापून, सुकवून पुन्हा लावा. कुजलेला बुंधा वाचत नाही.

फुलांसाठी सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हिवाळ्यातली विश्रांती. नोव्हेंबर ते जानेवारी खत बंद, पाणी कमी, छाटणी नाही. त्या काळात झाड मरगळल्यासारखं दिसतं, पानं किंचित मलूल होतात. काळजीने खत घालणं तेव्हाच सुरू होतं आणि तिथेच बिघडतं. त्याला तसंच राहू द्या. फेब्रुवारीच्या अखेरीस वरची इंचभर माती हलक्या हाताने काढून दोन मुठी गांडूळखत घाला. मार्च-एप्रिलमध्ये नवी पानं फुटतात, तेव्हा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी पुरेसं आहे. मेच्या मध्यापासून मात्र नत्र थांबवा. नत्राने झाड नुसतं पानं काढत बसतं. त्याऐवजी ०:५२:३४, म्हणजे स्फुरद आणि पालाश असलेलं खत, लिटरला एक ग्रॅम याप्रमाणे पावसाच्या आगमनापर्यंत दोन-तीन वेळा द्या. रासायनिक खत नको असेल तर मे महिन्यात हाडांचा चुरा एक चमचा आणि लाकडाची राख अर्धा चमचा मातीत मिसळा. हाडांचा चुरा घरात चालत नसेल तर चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. केळीच्या सालीचं पाणी, चहाची भुकटी, तांदूळ धुतलेलं पाणी यांच्यावर माझा फारसा भरवसा नाही. त्याने झाडाचं बिघडत नसेलही, पण पाण्याला वास येतो, चिलटं येतात आणि कुजलेल्या खताची जागा ते भरून काढत नाही.

जून-जुलैत खाचांकडे रोज नजर ठेवा. लालसर, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसला तर लगेच हर्षभरित होऊ नका. ते नवं पानही असू शकतं. पान असेल तर ते चपटं होत जातं आणि त्याच्या टोकाला बारीक केस दिसतात. कळी असेल तर ती गोलसर राहते आणि तिला देठासारखी नळी फुटते. कळी नक्की झाली की त्या क्षणापासून कुंडी हलवायची नाही, वळवायचीही नाही. गॅलरी धुताना सरकवलेली कुंडी हे कळ्या गळण्याचं मोठं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे पाण्याची हेळसांड: चार दिवस कोरडं, मग एकदम भरपूर. या काळात माती एकसारखी ओलसर ठेवा. तरीही काही कळ्या गळतीलच. झाड आपल्या ताकदीपुरत्याच ठेवतं. पहिल्याच वर्षी डझनभर कळ्या लागल्या तर त्यांतल्या दोन-तीन पूर्ण होणंही चांगलंच. कळ्यांवर गोडसर, चिकट थेंब दिसतात आणि त्यांना मुंग्या येतात. थेंब नैसर्गिक आहेत, रोग नव्हे. पण मुंग्या सोबत पिठ्या ढेकूण आणतात, म्हणून पानांच्या खाचा आणि बेचके तपासत राहा. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. फार पसरला असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांडी घासायचा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा; फुगलेल्या कळ्यांवर मात्र फवारू नका. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीतून कळी कुरतडतात. दिवा घेऊन पाहा आणि हाताने वेचून काढा.

टाचणीएवढ्या ठिपक्यापासून फुलापर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. आधी कळी खाली लोंबते. मग नळी लांब होते आणि शेवटच्या काही दिवसांत कळी मान वळवून वर उचलली जाते. ज्या रात्री फुलणार त्या दिवशी दुपारीच ती ठळकपणे फुगलेली दिसते, बाहेरच्या तांबूस, अरुंद पाकळ्या सुटू लागतात आणि टोकाला पांढरा रंग डोकावतो. तोच दिवस. शेजारीपाजारी, नातेवाईक यांना संध्याकाळीच कळवा. अंधार पडल्यावर, आठ-साडेआठच्या सुमारास कळी हलू लागते. दहा-अकरापर्यंत फूल पूर्ण उमलतं. मोठं फूल वीतभर रुंद होतं आणि नळीसकट फूटभर लांब भरतं. पांढऱ्या पाकळ्या, आत पुंकेसरांचा दाट झुबका आणि त्यातून पुढे आलेली चांदणीसारखी कुक्षी. वास खोलीभर पसरतो. मूळच्या जंगलात हा वास आणि पांढरा रंग रात्री उडणाऱ्या, लांब सोंडेच्या पतंगांना बोलावण्यासाठी असतो; त्या लांब नळीच्या तळाशी मध असतो. एकाच रात्रीत त्याला ते काम उरकायचं असतं, म्हणून एवढा थाट.

हे फूल पाहण्यासाठी रात्र जागवण्याची आपल्याकडची पद्धत मला मनापासून आवडते. ओवाळणं, आरती, मग मसाला दूध किंवा चहा; चार मजल्यांवरची माणसं एका दारात जमतात. देवाला वाहायचं असेल तर फूल पूर्ण उमलल्यावरच नळीसकट कापा. अर्धवट उमललेलं कापलं तर ते पुढे नीट उघडत नाही. लहान मुलांना साडेआठला एकदा, साडेनऊला एकदा आणि झोपण्याआधी एकदा दाखवा, म्हणजे उमलणं त्यांच्या लक्षात येतं. फोटोसाठी समोरून फ्लॅश मारला तर पाकळ्या सपाट पांढऱ्या दिसतात. बाजूने, पातळ कापडाआडून टॉर्च धरा. पहाटे फूल मिटतं आणि सकाळी मान टाकतं. मलूल फूल लगेच ओढू नका. दोन-तीन दिवसांत ते सुकून सुटतं. घरच्या झाडाला फळ धरलेलं क्वचितच दिसतं, कारण त्याला दुसऱ्या, वेगळ्या वाणाच्या झाडाचा पराग लागतो आणि आपल्याकडची झाडं बहुधा एकमेकांच्या फांद्यांवरूनच वाढलेली असतात. एका बहरानंतर झाड संपलं असं समजू नका. हलकं खत आणि नियमित पाणी चालू ठेवलं तर ऑक्टोबरपर्यंत दुसरा, कधी तिसराही बहर येतो.

नाशिक-निफाडकडे थंडीत पारा फार खाली जातो, तिथे रात्री कुंडी आत घ्या किंवा पोत्याने झाका. परदेशात राहणाऱ्या आणि हे झाड जपणाऱ्या मराठी घरांसाठी नियम एवढाच: रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ लागलं की झाड घरात, उजेडाच्या खिडकीजवळ, हीटरपासून लांब. हिमकणांचा एक तडाखाही पानं गाळून टाकायला पुरतो. वसंतात बाहेर काढताना पहिले दोन आठवडे सावलीत ठेवा, नाही तर घरात मऊ झालेली पानं उन्हात भाजतात. भारतातून पान नेण्याचा विचार असेल तर त्या देशाचे वनस्पती आणण्याचे नियम आधी पाहा. बहुतेक ठिकाणी परवानगीशिवाय नेता येत नाही, आणि रोप तिथेच मिळतं.

आणि तुमचं झाड फुलू लागलं की पानं वाटा. दर पावसाळ्यानंतर दोन-तीन पानं कापली तरी झाडाचं काही बिघडत नाही, उलट गर्दी कमी होऊन हवा खेळते. फुलून गेलेली, डोळे संपत आलेली पानं आधी द्या. त्यांच्या उरलेल्या डोळ्यांतून नवं रोप उभं राहतं. दुसऱ्या गावी पाठवायची असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम सुटून सडतात. वर्तमानपत्राच्या दोन पदरांत गुंडाळून खोक्यात ठेवा. आठवडाभर सहज टिकतात. सोबत चिठ्ठीवर खालची बाजू कोणती, पान कधी कापलं आणि तुमच्याकडे कोणत्या महिन्यात फुलतं, एवढं लिहून द्या.